बंद नाक, घोरणं आणि नाकातला स्प्रे : माझ्या दहा आठवड्यांच्या नोंदी, तुमचेही अनुभव हवेत

बोरीपूल (धागाकर्ता) | १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

जून महिन्यात एका सकाळी फोंड्याहून वेर्ण्याला कामावर जाताना बोरीच्या पुलाच्या अलीकडे माझा डोळा लागला. गाडी मीच चालवत होतो. क्षणभरच, पण पुढच्या टिप्परचे लाल दिवे एकदम अंगावर आले आणि शेजारी बसलेला मित्र ओरडला म्हणून ब्रेकवर पाय गेला. आदल्या रात्री आठ तास झोपलो होतो. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "रात्री तुमचा श्वास मध्येच थांबतो. मी जागी राहून बघते. मग तुम्ही एकदम घुसमटल्यासारखं करता आणि पुन्हा घोरायला लागता. दोन वर्षं सांगतेय, नाकाचं दाखवून या." हे ती खरंच दोन वर्षं सांगत होती.

माझं नाक कॉलेजपासून बंद. पावसाळ्यात जास्त. एक नाकपुडी चालू असली की दुसरी मिटलेली, आडवा झालो की दोन्ही. तोंड उघडं टाकून झोपायचं, सकाळी घसा कोरडाठाक आणि डोकं जड, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तो आजार आहे असं वाटतच नव्हतं.

जुलैत घरच्या घरी करायची झोपेची तपासणी केली. बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. साडेसहा तासांच्या नोंदीत ७८ वेळा श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला, म्हणजे तासाला १२. झोपेत असा श्वास अडण्याला ॲप्निया आणि तासाच्या या आकड्याला एएचआय म्हणतात. मोठ्या माणसांत ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. किमान दहा सेकंद श्वास अडला तरच तो मोजतात, हे मला तेव्हा कळलं. दहा सेकंद श्वास धरून बघा एकदा, मग रात्रीत ७८ वेळा म्हणजे काय ते समजेल.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. पडदा किंचित डावीकडे, आतल्या बाजूच्या गाद्या सुजून फिकट झालेल्या. ॲलर्जीचं नाक. फ्लुटिकासोनचा स्प्रे लिहून दिला आणि एक वाक्य बोलले ते मी त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवलंय : "हा स्प्रे मी नाकासाठी देतोय, ॲप्नियासाठी नाही. ॲप्नियात काय फरक पडला ते पुन्हा तपासणी केल्यावरच बोलू."

मग मी ठरवलं की स्प्रे चालतो की नाही हे नीट मोजून बघायचं. नुसतं 'बरं वाटतंय' म्हणून सोडून द्यायचं नाही. वही केली. रोज सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुण्याआधी, नाक किती बंद ते ० ते १० मध्ये. दर रविवारी एपवर्थची प्रश्नावली : आठ प्रश्न, वाचताना, टीव्ही बघताना, बसमध्ये, जेवणानंतर झोप लागण्याची शक्यता किती, एकूण गुण २४ पर्यंत, दहाच्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. आणि बायकोचा रकाना वेगळा : श्वास थांबलेला दिसला की नाही.

३ ऑगस्टपासून दोन आठवडे फक्त मिठाच्या पाण्याने नाक धुणं. नाकाचे गुण ७ वरून ५ वर आले. इतक्या साध्या गोष्टीने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. १७ ऑगस्टला स्प्रे सुरू, दोन्ही बाजूंना दोन-दोन फवारे, रात्री नाक धुतल्यावर. पहिले आठ-दहा दिवस काही नाही. चवथीच्या आधीची साफसफाई, माळ्यावरची धूळ, मग घरभर धूप, त्यात नाक उलट बिघडलं. स्प्रे सोडून देणार होतो, बायकोने सोडू दिला नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे जाग आली आणि तोंड मिटलेलं होतं. मी तसाच पडून राहिलो, नाकाने श्वास घेत. लहानपणानंतर पहिल्यांदा असेल.

आजची स्थिती : नाक ७ वरून ३ वर. एपवर्थ १३ होते, आता ८. घोरणं आहे, पण बायको म्हणते आवाज खाली आलाय. श्वास थांबणं तिने आठवड्यातून एक-दोनदा टिपलंय, पूर्वी रोज होतं.

म्हणजे स्प्रेने माझा ॲप्निया गेला का? मला तसं वाटावं अशी फार इच्छा आहे, म्हणूनच इथे विचारतोय. कोणी स्प्रे आधी आणि स्प्रे नंतर अशा दोन तपासण्या केल्या आहेत का? माझ्या पद्धतीत काही चुकत असेल तर मोकळेपणाने सांगा.

---

मांडवीकाठ | १२ ऑक्टोबर

तुमचा धागा बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तोंड मिटलेलं होतं हे वाक्य वाचून ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्या मनगटावरचं घड्याळ रात्रीचा ऑक्सिजन दाखवतं, ९३-९४ असतो. त्यावरून काही समजतं का?

---

गोळीपुडी | १२ ऑक्टोबर

बोरीपूल, तुम्ही वही ठेवली हे फार चांगलं केलंत. म्हापशात माझं औषधांचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. नाकाच्या स्प्रेबद्दल दिवसातून चार वेळा तेच बोलतो, इथे एकदा लिहून ठेवतो.

लोक 'नाकाचा स्प्रे द्या' म्हणतात तेव्हा ते दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत असतात. एक म्हणजे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांचे थेंब किंवा फवारे. हे नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं. म्हणून लोकांना हेच आवडतं. पण तीन ते पाच दिवसांच्या पुढे गेलात की औषध उतरलं रे उतरलं की नाक पहिल्यापेक्षा जास्त फुगतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. या चक्रात वर्षानुवर्षं अडकलेली माणसं माझ्या दुकानात येतात. उशीखाली बाटली, गाडीत बाटली, खिशात बाटली. रक्तदाब असेल तर हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

दुसरे स्टेरॉइडचे स्प्रे : फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड. हे सूज उतरवतात, रक्तवाहिनी आवळत नाहीत. यांची तशी सवय लागत नाही. पण पहिल्या दिवशी काही वाटत नाही, रोज घ्यावे लागतात, पूर्ण गुण यायला दोन ते चार आठवडे. 'स्टेरॉइड' शब्द ऐकून घाबरणारे आठव्या दिवशी सोडतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणतात. नाकातून रक्तात फारच थोडं जातं, तरी काचबिंदू, मोतीबिंदू असेल किंवा दम्याचा स्टेरॉइड पंप आधीच चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

आता मारण्याची पद्धत. दहातले सात जण मान मागे टाकून, नळी सरळ वर रोखून फवारा मारतात आणि जोरात ओढतात. औषध थेट घशात. मान थोडी पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, नळीचं टोक त्या बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारू नका, तिथेच खपली धरते आणि रक्त येतं. हळू श्वास घ्या, जोरात ओढू नका. घशात कडू लागलं तर समजा चुकलं. नवी बाटली असेल तर आधी हवेत दाबून बारीक धुकं येईपर्यंत फवारे सोडा.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. बाटलीवर १२० फवारे लिहिलेलं असेल आणि तुम्ही दिवसाला चार घेत असाल तर ती महिनाभर. त्यानंतरही तळाशी पाणी हलताना दिसतं, फवाराही येतो, पण त्यात औषधाचं माप बरोबर राहत नाही. बाटलीवर पेनाने सुरू केल्याची तारीख लिहा.

मांडवीकाठ, घड्याळावरून निदान होत नाही. घड्याळाचा आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत राहणारेच जास्त बघितलेत. श्वास थांबतो असं घरचे म्हणत असतील तर तपासणी करा.

---

सुरंगी | १३ ऑक्टोबर

गोळीपुडी काका, तुम्ही जे लिहिलंय ते म्हणजे माझे बाबाच. वय ५७, वाळपई-पणजी मार्गावर खासगी बस चालवतात. नाकात थेंब घातल्याशिवाय झोपत नाहीत, निदान सहा वर्षं. घोरणं इतकं की आई बाहेरच्या खोलीत झोपते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. दुपारी जेवले की ताटावरच डुलकी. मी त्यांच्यासाठी फ्लुटिकासोनचा स्प्रे आणून थेंब बंद करायला लावू का? तपासणीला ते तयार नाहीत. "मशीन लावून कोण झोपेल" म्हणतात.

---

बोरीपूल | १३ ऑक्टोबर

सुरंगी, एक सांगतो, रागावू नका. स्प्रेने सुरुवात करू नका. मी स्प्रे मोजत बसू शकलो कारण माझा आकडा आधी कागदावर होता आणि तो सौम्य होता. बाबांचा आकडा आपल्याला माहीतच नाही, आणि त्यांच्यामागे पन्नास माणसं बसलेली असतात. नाक मोकळं झालं, घोरणं थोडं कमी झालं की घरचे सगळे 'बरं झालं' म्हणतील आणि तपासणी मागे पडेल ती पडेलच. आधी तपासणी. माझी एक रात्र गेली, बाकी काही त्रास नाही.

---

कुळागर | १३ ऑक्टोबर

मी वीस वर्षं जलनेती करतो, बोरीपूल यांनी पाण्याने ७ वरून ५ लिहिलंय ते मला पटलं. पण पाण्याबद्दल कळकळीने सांगतो. आमच्याकडे बावीचं (विहिरीचं) पाणी स्वच्छ म्हणून लोक तसंच नाकात घालतात. करू नका. पिण्यासाठी चांगलं असलेलं पाणी नाकात चांगलं असेलच असं नाही. पोटात ॲसिड असतं, नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर तसं काहीच नाही. गोड्या, कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, नाकातून शिरला तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूत अमीबा शिरून माणसं दगावली, हे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर घडलंय. पाणी खळखळ उकळायचं, झाकून गार करायचं, मग वापरायचं. पाव लिटरला अर्धा चहाचा चमचा मीठ, आयोडीन नसलेलं. चिमूटभर खायचा सोडा घातला तर झोंबत नाही. भांडं रोज धुऊन कोरडं करायचं. एवढं जमत नसेल तर तयार सलाइन स्प्रे आणा.

---

ठाम | १४ ऑक्टोबर

मला या सगळ्याचा हेतू कळत नाही. ॲप्निया घशात होतो. जीभ आणि मऊ टाळू मागे पडतात. नाकात काहीही फवारलं तरी घसा कसा उघडणार? माणसं आशेवर महिने घालवतात. सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) घ्या, वजन उतरवा, विषय संपला.

---

पानोपानी | १४ ऑक्टोबर

ठाम, अडथळा घशात असतो हे बरोबर. पण नाकाचा संबंध नाही असं म्हणता येत नाही. शहाळ्यात कागदी नळी घालून पाणी प्या. नळी कोरडी असेल तर ठीक. ती ओली होऊन मऊ पडली आणि टोकाला मलई अडकली की तुम्ही जोर लावता आणि नळी मध्येच चिकटते. चिकटते मध्ये, कारण टोकाशी असतं. घसा ही ती मऊ पडलेली नळी आणि नाक हे टोक. शिवाय नाक बंद म्हणून तोंड उघडलं की जबडा खाली आणि मागे जातो, त्याबरोबर जीभही.

पण नळी फारच मऊ असेल तर टोक कितीही साफ करा, ती चिकटणारच. म्हणून नाकाच्या उपचाराने फरक पडतो तो मर्यादित आणि काही जणांतच. २००४ साली 'थोरॅक्स'मध्ये एक छोटा प्रयोग आला होता : नाक सुजलेल्या २३ घोरणाऱ्यांना चार आठवडे फ्लुटिकासोन आणि चार आठवडे खोटा, औषध नसलेला स्प्रे. त्यातल्या ॲप्निया असलेल्यांचा मध्यक एएचआय खोट्या स्प्रेवर ३०.३, खऱ्यावर २३.३. उतरला, पण तीव्र गटातून मध्यम गटापर्यंतच. आणि घोरण्याच्या आवाजात फरक दिसला नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण घरी आपण नेमका आवाजच ऐकत असतो.

वाकड्या पडद्याच्या ऑपरेशनचंही तसंच. श्वास मोकळा होतो, झोप सुधारल्यासारखी वाटते, मास्क सहन होतो, पण एएचआय सरासरीने फारसा हलत नाही.

जाता जाता, घशाच्या स्नायूंना जागं ठेवणारा एक वेगळाच नाकातला स्प्रे ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात अभ्यासला गेलाय. तो नाक मोकळं करत नाही, घशाला स्पर्श करून तिथला प्रतिक्षेप वाढवतो. औषधाच्या दुकानात मागायची गोष्ट नाही ती अजून.

---

चिमणीची आई | १५ ऑक्टोबर

मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. माझी मुलगी सहा वर्षांची, तोंड उघडं टाकून घोरते. डॉक्टरांनी टॉन्सिलचं ऑपरेशन लगेच नको म्हणून आधी सहा आठवडे सलाइन सुरू केलंय. मेलबर्नच्या २७६ मुलांवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा आठवड्यांनी सलाइन घेणाऱ्या ४१ टक्के आणि मोमेटासोन घेणाऱ्या ४४ टक्के मुलांचा त्रास मिटला, म्हणजे जवळपास सारखंच, असं त्यांनी समजावलं. आम्हाला तीन आठवडे झालेत. रात्री ती आता कमी चुळबुळते. अजून काही म्हणवत नाही.

---

रात्रपाळी | १६ ऑक्टोबर

मी मूळची डिचोलीची, सध्या पुण्यात झोपेच्या तपासण्या करते. रात्रभर लोकांच्या श्वासाच्या रेषा बघणं हेच काम. बोरीपूल, तुमची वही मन लावून वाचली. तीन प्रश्न विचारते, उत्तरं टाळू नका.

पहिला, ऋतू. तुम्ही सुरुवात केली ऐन ऑगस्टात. धुळीतले सूक्ष्म किडे हवेतलं पाणी पिऊन जगतात, हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की ते वाळतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्या खाली क्वचित येते, वर भिंतींना बुरशी. ऑक्टोबर लागला, ऊन पडलं, गाद्या गच्चीत गेल्या. नाक ३ वर आलं त्यातलं स्प्रेमुळे किती आणि उन्हामुळे किती?

दुसरा, या दहा आठवड्यांत आणखी काय बदललं? उशी, गादी, वजन, दारू, काहीही.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या जुलैच्या अहवालात कुठेतरी 'झोपेची स्थिती' असा तक्ता असेल, बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर. उताणं असताना एएचआय किती, कुशीवर किती? एकूण आकडा सगळे वाचतात, ते पान कोणी वाचत नाही.

---

बोरीपूल | १७ ऑक्टोबर

रात्रपाळी, काल रात्री अहवाल काढून बसलो. उताणं २४. कुशीवर ५. मी साडेसहा तासांतले साधारण अडीच तास उताणा होतो. हे पान तीन महिने माझ्या कपाटात होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत नव्हतं, आता प्रामाणिकपणे देतो. श्रावण २५ जुलैला लागला. आमच्या घरी श्रावणात नुस्तं (मासे) नाही आणि दारूही नाही, ते चवथीपर्यंत. म्हणजे पाण्याचे दोन्ही आठवडे आणि स्प्रेचे पहिले दहा दिवस मी एक थेंब घेतलेला नाही. नंतर शनिवारी घेतो. वही उघडून रविवार सकाळचे गुण वेगळे काढले तर ते बाकीच्या दिवसांपेक्षा दीड-दोनने जास्त आहेत, आणि बायकोने श्वास थांबलेला टिपलाय त्या सात रात्रींपैकी पाच शनिवारच्या. चवथीच्या साफसफाईत आईने जुन्या कापसाच्या उशाही टाकून दिल्या. म्हणजे मी मोजत होतो एक आणि बदलत होत्या चार गोष्टी.

---

रात्रपाळी | १७ ऑक्टोबर

म्हणून वही फुकट गेली असं अजिबात समजू नका. रविवार वेगळे काढता आले ते वहीमुळेच. आता असं करा : स्प्रे आणि पाणी चालू ठेवा, उशा आहेत त्याच, बाकी काही नवं आणू नका. डिसेंबरात पुन्हा तपासणी, शनिवार सोडून, शक्य तर त्याच जातीच्या यंत्रावर. आणि दोन रात्री मिळाल्या तर दोन घ्या, कारण एकाच माणसाचा आकडा एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत बराच हलतो. घरच्या यंत्रात आणखी एक गोष्ट, ते नोंदीच्या तासांनी भागतं, झोपेच्या नाही. तुम्ही दोन तास टक्क जागे असलात तर आकडा उगाच कमी दिसतो.

---

मांडवीकाठ | २१ ऑक्टोबर

नरकासुराच्या रात्री फटाके आणि धूर, पहाटेपर्यंत जागरण. दोन दिवस नाक साफ बंद. थेंब आणायला दुकानापर्यंत गेलो आणि गोळीपुडी काकांचा प्रतिसाद आठवून मिठाचं पाणी केलं. तपासणीची तारीख घेतली आहे.

---

बोरीपूल | २१ डिसेंबर २०२५

दुसरी तपासणी झाली. एकच रात्र मिळाली, मंगळवारची. सात तासांची नोंद, ६३ घटना, एएचआय ९. उताणं १९, कुशीवर ४. उताणा होतो सव्वादोन-अडीच तास, म्हणजे साधारण पूर्वीइतकाच.

रात्रपाळींना आधी विचारलं. त्यांनी सांगितलं तेच इथे लिहितो : १२ चे ९ हा फरक स्प्रेचा असू शकतो, कोरड्या हवेचा असू शकतो, नुसता रात्रीरात्रीचा चढउतारही असू शकतो. एका रात्रीच्या जोरावर यातलं काही छातीठोकपणे सांगता येणार नाही. सांगता येतं ते एवढंच की मी अजून सौम्य ॲप्नियातच आहे आणि माझा ॲप्निया पाठीवर झोपण्यात आहे.

डॉक्टरांनीही दोन्ही अहवाल शेजारी ठेवून हेच सांगितलं. स्प्रे चालू ठेवायचा, कारण नाकाला तो लागतोच, पण मात्रा निम्मी, एकेक फवारा. सीपॅप आत्ता नाही. कुशीवर झोपायची सवय करायची. तेवढ्याने झालं नाही तर खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन दंतवैद्याकडून करून घ्यायचं.

कुशीसाठी बायकोने जुन्या बनियनच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मध्ये, खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा बॉल. पहिल्या चार रात्री वाईट गेल्या, बॉल बरगडीवर सरकायचा. मग तिने खिसा उभा शिवून एकाखाली एक दोन बॉल घातले, आता हलत नाहीत. पुढ्यात एक लांब उशी घेतो, वरचा हात तिच्यावर टाकला की खांदा दुखत नाही. आणि इथे नाकाची बाजू पुन्हा येते. पूर्वी मी कुशीवर टिकायचोच नाही, कारण ज्या कुशीवर वळावं ती खालची नाकपुडी मिटायची आणि घुसमटून मी पाठीवर यायचो. आता नाक मोकळं आहे म्हणून रात्रभर कुशीवर राहता येतं. स्प्रेचा मला झालेला खरा उपयोग बहुतेक हाच.

शनिवारचं बंद केलं आहे. एपवर्थ ७. बोरीच्या पुलावर गाडी आता मित्र चालवतो, मी स्वतःहून सांगितलंय, पुढची तपासणी होईपर्यंत. ती जुलैत करणार आहे, पाऊस भर असताना.

---

ठाम | २१ डिसेंबर

मी ऑक्टोबरात घाईने लिहिलं होतं. नाक मोकळं असल्याशिवाय कुशीवर राहता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. माझा भाऊ सीपॅप मास्क पंधरा दिवसांत काढून ठेवून बसला, त्याचंही नाक कायम बंद. त्याला हा धागा पाठवतो.

---

सुरंगी | ११ जानेवारी २०२६

सगळ्यांना, देव बरें करूं.

बाबांना तयार करायला नोव्हेंबर गेला. शेवटी त्यांचा कंडक्टर बोलला, "दादा, गिमोण्याच्या वळणावर मी तुमच्याशी मुद्दाम बोलत राहतो, तुम्हाला कळत नाही." त्यानंतर ते गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी तारीख घे म्हणाले.

एएचआय ३८. ऑक्सिजन ७४ पर्यंत खाली. अहवाल बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं की उपचार बसेपर्यंत बस चालवायची नाही. मालकाने महिनाभर तिकिटाच्या हिशेबाला बसवलं, ते सोपं नव्हतं घरात. मी ऑक्टोबरात नुसता स्प्रे आणून दिला असता तर, हा विचार रोज येतो.

सीपॅप आणलं. पहिल्या तीन रात्री मास्क तासाभरात काढून फेकला, नाकातून हवा जाईना. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी थेंब सोडवायला घेतले. एका नाकपुडीचे आधी बंद, दुसरीचे चालू, सोबत स्टेरॉइडचा स्प्रे दोन्हीकडे. दहा दिवसांनी दुसरीचेही बंद. ते दहा दिवस बाबांनी कसे काढले ते आम्ही बघितलंय, रात्री ओट्यावर बसून राहायचे. यंत्राला गरम वाफेची टाकी जोडल्यावर घसा कोरडा पडायचा थांबला. आता रोज साडेपाच-सहा तास मास्क राहतो. स्प्रे रात्री साडेनऊला मी देते, काकांनी सांगितल्याप्रमाणे उलट्या हाताने. बाटलीवर तारीख लिहिली आहे.

परवा पहाटे चारला आई घाबरून त्यांच्या खोलीत गेली, आवाज येत नव्हता म्हणून. ते झोपले होते.

एक विचारायचं होतं. मास्कच्या पट्ट्यांनी गालावर वळ उठतात आणि नाकाच्या हाडावर लाल होतं. काय करावं?

---

रात्रपाळी | ११ जानेवारी

पट्ट्या जास्त आवळल्या जात आहेत. मास्क बसून बांधू नका. बाबांना आडवं झोपवा, यंत्र चालू करा, हवा येत असताना मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून पुन्हा बसू द्या आणि मग हवा गळायची थांबेल इतपतच पट्ट्या ओढा. दोन्ही बाजू सारख्या. तरीही लाल होत असेल तर मास्कचं माप मोठं-लहान आहे, जिथून घेतला तिथे बदलून मागा. नाकाच्या हाडावरचं लाल बोटाने दाबून बघा, पांढरं होऊन पुन्हा लाल होत नसेल तर त्या रात्री मास्क लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा.